'सर्व', 'काही' आणि 'बहुतेक'

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात वाचलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी मॅट्रिक झालेला एक प्राथमिक शिक्षक. ज्यांच्यापुढे बोलायचे त्यांतील कित्येकांनी माझ्या शिक्षणाची मर्यादा बाराव्या वर्गातच ओलांडली आहे. परंतु शिक्षकाला बोलण्याची सवय जडलेली असते आणि ती सेवानिवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणून आज्ञा शिरसावंद्य मानली.

विषय मात्र मी थोडा निराळा निवडला आहे. यंदाच्या गुणवंतांपैकी काही विद्यार्थी कायद्याच्या शिक्षणाकडे वळणार आहेत, असे मला कळले. पूर्वी आपल्याकडे वकिलीच्या महाविद्यालयात नाव घालायला गुणपत्रिका पुरत असे. आता प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी २००८ पासून सामाईक परीक्षा आहे आणि महाराष्ट्र शासनाचीही स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते. ती मराठीतूनही देता येते. या दोन्ही परीक्षांत 'तर्कशक्ती' नावाचा एक भाग असतो आणि पाठांतरात तरबेज असलेली मुले नेमकी तेथेच अडखळतात. त्या भागातील एका लहानशा गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे.

त्या गोष्टीशी माझी ओळख कशी झाली, ते आधी सांगितले पाहिजे. माझ्या थोरल्या भगिनीची नात अमेरिकेत वाढली. तिकडे पदवी घेतल्यानंतर विधिमहाविद्यालयात जाण्यासाठी बहुधा 'एल्सॅट' नावाची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा १९४८ पासून चालू आहे. तिच्यात कायद्याचे एकही कलम विचारीत नाहीत. केवळ वाचन आणि विचार यांचीच कसोटी घेतात. पूर्वी तिच्यात कोड्यांसारखा एक विभाग असे, तो ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकण्यात आला. त्यामुळे तर्काच्या प्रश्नांचे महत्त्व अधिकच वाढले. पस्तीस मिनिटांत सुमारे पंचवीस प्रश्न सोडवायचे. म्हणजे एका प्रश्नाला पुरते दीड मिनिटही मिळत नाही. गेल्या वर्षी ही मुलगी महिनाभर आमच्या घरी राहिली, ती या परीक्षेच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच. एके दिवशी संध्याकाळी ती रडवेली होऊन मला म्हणाली, "मामाआजोबा, मला सगळे शब्द कळतात, तरी उत्तर चुकते."

तिचे पुस्तक इंग्रजीत होते. तिने मला अर्थ सांगितला आणि मी तो प्रश्न आपल्याकडच्या वेषात मांडून पाहिला. तो असा: 'एका ग्रंथालयाचे सर्व आजीव सभासद दिवाळी अंक विकत घेतात. दिवाळी अंक विकत घेणारे काही लोक कविता लिहितात. यावरून निश्चितपणे काय सिद्ध होते?' तिने उत्तर दिले होते, 'काही आजीव सभासद कविता लिहितात.' आपल्यापैकी पुष्कळांना हेच उत्तर सुचले असेल. मलाही तेच सुचले. आणि ते चूक आहे.

का चूक, ते पाहू. दिवाळी अंक विकत घेणाऱ्यांचे एक मोठे वर्तुळ काढा. त्याच्या पोटात आजीव सभासदांचे लहान वर्तुळ येईल, कारण ते सर्वच्या सर्व अंक घेणारे आहेत. आता कविता लिहिणारे काही जण मोठ्या वर्तुळात कोठेतरी आहेत, एवढेच आपणास सांगितले आहे. ते लहान वर्तुळात असतील किंवा त्याच्या बाहेरही असतील. सारे कवी आजीव सभासद नसलेल्यांतून निघाले, तरी प्रश्नातील दोन्ही वाक्ये खरीच राहतात. म्हणून आजीव सभासदांविषयी काहीच सिद्ध होत नाही. याउलट, 'काही आजीव सभासद अंक घेतात आणि अंक घेणारे सर्व जण कविता लिहितात' असे म्हटले असते, तर 'काही आजीव सभासद कवी आहेत' हे निश्चित ठरले असते. शब्द तेच, फक्त 'सर्व' आणि 'काही' यांच्या जागा बदलल्या.

विद्यार्थिमित्रहो, या परीक्षेचे सारे मर्म येथे आहे. 'सर्व', 'काही', 'बहुतेक', 'एकही नाही' हे शब्द वाक्याचे माप आहेत. दुकानदार मापाने धान्य देतो, तसे वाक्य या शब्दांनी मोजून ज्ञान देते. जेवढे दिले तेवढेच घ्यावे. परीक्षक एवढेच पाहतो की, विद्यार्थ्याने मापापेक्षा अधिक घेतले काय.

आता एकेका मापाचा विचार करू.

'सर्व' या शब्दाचे ज्ञान आपल्या पूर्वजांना उत्तम होते. न्यायशास्त्रात त्याला व्याप्ती म्हणतात. जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे, असे अनुमान करावे. परंतु हे वाक्य उलटे फिरविता येत नाही. जेथे अग्नी तेथे धूर असतोच, असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो, हे उदाहरण नैयायिकांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. उलटे फिरवायचेच असेल, तर दोन्ही बाजूंना नकार घालावा: जेथे अग्नी नाही, तेथे धूरही नाही. हे रूपांतर निर्दोष असते. परीक्षेत 'सर्व'चे वाक्य दिसले की, हे नकारात्मक रूप कागदाच्या कडेला लिहून ठेवावे. पुष्कळदा उत्तर त्यातच दडलेले असते.

'केवळ' हा 'सर्व'चाच भाऊ, पण त्याचे तोंड उलट दिशेला असते. 'केवळ कायद्याचे पदवीधरच वकील होऊ शकतात' याचा अर्थ सर्व वकील पदवीधर आहेत, असा होतो. सर्व पदवीधर वकील आहेत, असा होत नाही. घाईत वाचणारा येथे हमखास फसतो.

'काही' हा शब्द दिसायला गरीब, पण सर्वांत फसवा. आपल्या रोजच्या बोलण्यात 'काही मुले उत्तीर्ण झाली' असे म्हटले की, बाकीची नापास झाली असे आपण समजतो. परीक्षेत तसे समजू नये. तेथे 'काही' म्हणजे निदान एक. एकही असेल, दहाही असतील, कदाचित सर्वही असतील. बोलणाऱ्याने जेवढे पाहिले तेवढे सांगितले. उरलेल्यांविषयी तो मौन आहे. त्या मौनाचा अर्थ आपण लावू नये. 'पुष्कळ' आणि 'अनेक' यांनाही याच पंक्तीत बसवावे. एक लाख वस्तीच्या नगरात हजार माणसे म्हणजे पुष्कळच झाली, परंतु ती अर्ध्याहून कितीतरी कमी आहेत. यास्तव 'पुष्कळ' यातून 'बहुतेक' कधीही काढू नये.

'बहुतेक' म्हणजे अर्ध्याहून अधिक. या शब्दाची एक गंमत आहे. समजा, एका गावात चाळीस घरे आहेत. बहुतेक घरी विहीर आहे आणि बहुतेक घरी गाय आहे. तर ज्या घरी विहीर आणि गाय दोन्ही आहेत, असे निदान एक घर असलेच पाहिजे. तेवीस घरी विहीर व बावीस घरी गाय, असे धरून पाहा. बेरीज पंचेचाळीस होते आणि घरे तर चाळीसच. म्हणजे निदान पाच घरांची गणना दोनदा झाली आहे. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतून चालत आलेल्या जुन्या संवाक्यांच्या नियमांत हे अनुमान बसत नव्हते. एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने या उणिवेकडे बोट दाखविले आणि अशा संख्यात्मक अनुमानांचे नियम मांडले. हे गृहस्थ जन्मले होते आपल्याच देशात, मदुराई येथे, १८०६ साली. हे वाचून मला मोठे नवल वाटले.

परंतु लक्षात ठेवावे की, हे अनुमान एकाच समूहाविषयी दोन 'बहुतेक' असतील तेव्हाच चालते. 'बहुतेक'ची साखळी करता येत नाही. त्या मुलीला मी एक उदाहरण दिले आणि ती पोट धरून हसली. आमच्या शाळेतील बहुतेक शिक्षकांची मातृभाषा मराठी आहे. मराठी मातृभाषा असलेले बहुतेक लोक शिक्षक नाहीत. म्हणून आमच्या शाळेतील बहुतेक शिक्षक शिक्षक नाहीत! दोन्ही वाक्ये खरी, आणि निष्कर्ष मात्र असा. (येथे आमच्या काळातील एखादे मुख्याध्यापक म्हणाले असते की, निष्कर्षही खराच आहे.)

जे विद्यार्थी मराठीतून परीक्षा देणार आहेत, त्यांना आणखी एक सावधगिरीची सूचना. आपल्या भाषेत 'सर्व' आणि 'नाही' एकत्र आले की अर्थ दुभंगतो. 'सर्व पुस्तके परत आली नाहीत' असे ग्रंथपालाने म्हटले, तर एकही पुस्तक आले नाही की काही यावयाची राहिली आहेत? वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येते. अशा वेळी संदर्भ पाहावा आणि तेच वाक्य मनात स्पष्ट शब्दांत पुन्हा मांडावे. आणि 'सर्व पुस्तके परत आली' हे विधान खोटे ठरवायचे असेल, तर एकही आले नाही हे सिद्ध करण्याचे कारण नाही. न आलेले एक पुस्तक दाखविले की पुरे. त्याचप्रमाणे 'एकही आले नाही' हे खोडण्यासाठी आलेले एक पुस्तक पुरते. उलटतपासणीत वकील हेच करतात, असे आपल्यातील अनुभवी वकील मंडळी सांगू शकतील.

आता रीत थोडक्यात सांगतो. प्रथम वाक्यातील मापाचा शब्द शोधून त्याखाली रेघ ओढावी. दुसरे, वर्तुळे काढावीत आणि जे सांगितले नाही ते मोकळे सोडावे. तिसरे, जो पर्याय बरोबर वाटतो, तो खोटा पाडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. दिलेली सारी वाक्ये खरी राहूनही तो पर्याय खोटा पडेल, असे एखादे चित्र काढता आले तर तो पर्याय टाकावा. नाही काढता आले तर तो धरावा. चौथे, 'निश्चित खरे काय' आणि 'खरे असू शकेल असे काय' हे दोन प्रश्न निराळे आहेत, याचे भान ठेवावे. जेथे निश्चिती विचारली आहे, तेथे बहुधा नम्र पर्याय बरोबर निघतो. फार मोठा दावा करणाऱ्याकडे संशयाने पाहावे. ही रीत आमच्या मुलीने पंधरा दिवस रोज सकाळी गिरविली आणि तिच्या चुका पुष्कळ कमी झाल्या. पुष्कळ म्हणतो आहे, सर्व म्हणत नाही.

बंधुभगिनींनो, येथवरचे भाषण विद्यार्थ्यांसाठी झाले. यापुढील थोडे आपणा सर्वांसाठी आहे. ते बोलावे की बोलू नये, याचा मी पुष्कळ विचार केला.

त्या मुलीला वर्तुळे काढून दाखविता दाखविता एके दिवशी माझा हात थांबला. मला १९८७ साल आठवले. मी तेव्हा एका खेड्यातील शाळेत सातवीला शिकवीत होतो. सहलीसाठी मुलांकडून जमविलेले चौऱ्याऐंशी रुपये माझ्या टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. आदल्या वर्षी त्या वस्तीतील दोन मुले शाळेच्या आवारातील पेरू चोरताना सापडली होती. माझ्या वर्गात त्या वस्तीतील एकच मुलगा होता. मी दुसऱ्या कोणास काही विचारले नाही. त्यालाच उभे केले, त्याचेच दप्तर सर्वांदेखत रिकामे केले, आणि दप्तरात काही सापडले नाही, तेव्हा "पैसे घरी पोचविलेस काय?" असेही विचारले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही.

पंधरा-सोळा दिवसांनी हजेरीपटाचे कव्हर बदलताना त्याच्या आतल्या घडीत ते पैसे मिळाले. ते मीच तेथे ठेवले होते. मी त्याच संध्याकाळी वस्तीवर गेलो. त्याच्या वडिलांनी मला बसायला घोंगडी टाकली. मुलगा मामाबरोबर ऊसतोडीला गेला होता. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही आलात हे बरे केलेत. पण तो आता यायचा नाही." आणि तो आला नाही. त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत त्याच्या नावापुढे मी माझ्या हाताने 'गैरहजर' असे लिहिले.

त्याच वर्षी मी मुलांना गणितात संच शिकवीत होतो आणि फळ्यावर सुबक वर्तुळे काढीत होतो. वस्तीतील काही मुलांनी चोरी केली. हा मुलगा वस्तीतला आहे. म्हणून याने चोरी केली. आजीव सभासद आणि कवी यांच्या प्रश्नात आमच्या मुलीने जी चूक केली, तीच ही चूक आहे. तिचा एक गुण गेला. त्या मुलाची शाळा गेली. ती वस्ती आपल्या ज्ञातीची नव्हती, हेही मी आज प्रामाणिकपणे सांगतो. ती आपली असती, तर मी 'काही' याचा अर्थ 'सर्व' असा इतक्या सहज घेतला असता काय, या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला भूषणावह नाही.

म्हणून हा विषय मी ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर मुद्दाम आणला. आपल्या बैठकांत, लग्नाच्या बोलण्यांत, नोकरीच्या शिफारशींत 'ते लोक असेच' हे वाक्य किती सहज येते, ते आठवून पाहावे. त्यात मापाचा शब्दच नसतो. ऐकणारा तो आपल्या पदरचा घालतो आणि नेहमी 'सर्व' हाच घालतो. आपल्या ज्ञातीविषयी बोलतानाही हीच गत होते. 'आपली मुले हुशार' असे आपण म्हणतो, तेव्हा ज्याला आज बक्षीस मिळाले नाही, तो मागच्या रांगेत बसून ते ऐकत असतो. पालकांनाही विनंती आहे की, शेजारच्या दोन मुलांनी अमुक शाखा घेऊन यश मिळविले, म्हणून आपल्या मुलाला तिकडेच ढकलू नये. ते 'काही' आहेत, 'सर्व' नव्हेत.

आणि जे विद्यार्थी वकील होतील, कदाचित न्यायाधीशही होतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. परीक्षेतील वर्तुळांत अक्षरे असतात. न्यायालयातील वर्तुळांत माणसे असतील. साक्षीदार 'काही' म्हणाला असेल, तर 'काही' एवढेच लिहून घ्या. आरोपी ज्या गावचा, ज्या वस्तीचा, ज्या ज्ञातीचा असेल, त्या वर्तुळावरून त्याच्याविषयी निष्कर्ष काढू नका. त्याच्याविषयी जेवढे सिद्ध झाले, तेवढेच त्याच्या पदरात घाला.

आमच्या मुलीची परीक्षा झाली. तिला हवे तसे गुण मिळाले आणि येत्या सत्रापासून ती विधिमहाविद्यालयात जाऊ लागेल. तिने मला पत्राने कळविले की, आता बातम्या वाचतानाही ती 'काही' आणि 'बहुतेक' या शब्दांखाली रेघ ओढते. मला शिक्षक म्हणून मिळालेले हे शेवटचे बक्षीस असावे.

 गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन करतो; ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही त्यांनाही माझे आशीर्वाद आहेत. येथे मात्र 'सर्वांना' हा शब्द मी पूर्ण मापाने वापरतो आणि आपली रजा घेतो.